सकाळी सव्वासहाचा अंधार

परवा सकाळी सव्वासहाला घरातून निघाले. सेंट्रल पार्कच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला राहते. मेट्रो स्टेशन पायी वीस मिनिटं. आमच्याकडे गाडी नाही, कधी नव्हती. दुचाकी होती, ती मुलगी पुण्याला घेऊन गेली. कोपऱ्यावरच्या वळणापासून पुढचे पाच-सहा खांब गेले आठ दिवस बंद आहेत. बाहेर मिट्ट काळोख, वर डोंगरावरून येणारा गार वारा, तळोज्याच्या बाजूने तो ओळखीचा वास. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांनी शेकोटी केलेली, तिच्याभोवती तीन कुत्री आणि दोन माणसं.

समोरून मोबाइलची बॅटरी लावून एक मावशी येत होत्या. रोज दिसतात. तीन घरची कामं करतात. पहिल्या घरचा मुलगा पावणेसातला शाळेच्या बसला जातो, त्याच्या आधी डबा व्हायला हवा. म्हणजे त्यांना त्यांच्या घरून साडेपाचला निघावं लागतं. रिक्षा त्या वेळेला मिळत नाही, मिळाली तर सांगेल तो आकडा द्यावा लागतो. चालत चालत त्या म्हणाल्या, "ताई, सात वाजत आले तरी उजाडत का नाही हो? आमच्या गावाला उजाडलं की निघायचो, घड्याळ कुणाकडे होतं!"

त्यांना मी काहीतरी उत्तर दिलं, थंडीत दिवस लहान असतो वगैरे. ते अर्धवट होतं. खरं उत्तर बरंच मोठं आहे, आणि त्यात सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक संप, एक दगडफेक, आपल्या शहराचा आराखडा आणि बारा वर्षं रखडलेली मेट्रो असं सगळं येतं. म्हणून ही पोस्ट लांब होणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी साधा हिशेब. वर्षातला सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे शाळेत शिकलो. पण आपल्याकडे सूर्य सर्वात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आसपास. त्या दिवसांत खारघरला सूर्योदय सव्वासातच्या जवळपास होतो. फटफटायला लागतं तेही पावणेसातनंतर. म्हणजे डिसेंबरची थंडी सरली, आता दिवस मोठा होईल, असं आपण म्हणतो तेव्हा सकाळचा काळोख उलट वाढतच असतो. त्याच दिवशी कोलकात्यात सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी वर आलेला असतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. ही रेषा अलाहाबाद-मिर्झापूरच्या बाजूने जाते. आपण आहोत त्र्याहत्तर अंशावर. एका अंशाला ४ मिनिटं, या हिशेबाने आपलं घड्याळ आपल्या सूर्याच्या ३८-३९ मिनिटं पुढे चालतं. ही ३९ मिनिटं मुंबईकरांनी सुखासुखी स्वीकारली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या गावाची आपली वेळ असे. सूर्य डोक्यावर आला की बारा. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे आली आणि तिला सगळीकडे एक वेळ हवी झाली. तिने मद्रासची वेळ धरली, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ही मद्रास वेळ मुंबईच्या सरकारी कारभाराला लावून पाहिली. लोकांनी ती मनावर घेतली नाही. कचेरीत एक वेळ, बाजारात दुसरी, असा घोळ दोनेक वर्षं चालला आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कुठली वेळ दाखवायची यावरूनही विद्यापीठ आणि सरकार यांच्यात वाजलं होतं. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ज्याचं पोट उजेडावर चालतं त्याला ते हास्यास्पद नसतं.

१ जानेवारी १९०६ रोजी आजची प्रमाणवेळ लागू झाली. तारीख बघा, ऐन थंडीतली. त्याआधी थोडंच वर्ष-दीड वर्ष मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे यायला लागले होते. तोवर गिरणीचा दिवस म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. सूर्यच मुकादम. उन्हाळ्यात दिवस लांब, थंडीत आखूड. म्हणजे हिवाळ्यात कामगाराला त्यातल्या त्यात उसंत मिळायची. दिवे आले आणि ती उसंत गेली. दिवसाचे तेरा-चौदा तास, कुठे त्याहून जास्त काम व्हायला लागलं. त्यावर आता ही नवी वेळ. भोंगा त्याच आकड्यावर वाजणार, पण सूर्याच्या मानाने ३९ मिनिटं आधी. म्हणजे चाळीतून ३९ मिनिटं आधी, अंधारात, थंडीत बाहेर पडायचं.

हे गिरणीपर्यंत चालत जाणारे लोक होते. ट्राम होती, पण रोजच्या रोज तिला पैसे घालणं गिरणीकामगाराला कुठलं परवडायला. म्हणून तर गिरणगाव गिरण्यांना चिकटून वाढलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच जेकब ससून मिलमधल्या हजारो कामगारांनी नव्या वेळेवर काम सुरू करायला नकार दिला, माग बंद ठेवले, दगडफेक झाली. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'घड्याळाचा दंगा' असल्यासारखं गमतीने लिहिलेलं असतं. पण त्या माणसांची मागणी काय होती? आम्हाला उजेडात कामावर येऊ द्या, एवढीच. तीन-चार वर्षांपूर्वी मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या वळणावरचे बंद खांब आठवले होते. तेव्हाही ते बंदच होते, मधे चालू झाले, आता परत बंद आहेत.

मुंबई महापालिकेने त्याच वर्षी ठराव करून परत मुंबई वेळ धरली आणि ती थेट १९५५ पर्यंत चालवली. पन्नास वर्षं एका शहरात दोन वेळा. लग्नपत्रिकेवर 'मु. टा.' की 'स्टँ. टा.' ते लिहायला लागायचं, असं माझे आजेसासरे सांगायचे. ते भायखळ्याला राहत. दुसऱ्या महायुद्धात तर सरकारने १९४२ ते ४५ घड्याळ आणखी एक तास पुढे नेलं होतं. म्हणजे त्या वर्षांत जानेवारीत घड्याळात सव्वाआठ वाजले की उजाडायचं! कोलकात्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नव्हती. आसामातल्या चहाच्या मळ्यांत तर आजही 'बागान टाइम' म्हणून घड्याळ तासभर पुढे ठेवतात, उजेड वाया जाऊ नये म्हणून. तिकडे उजेड लवकर येतो, आपल्याकडे उशिरा. दोघांच्या तक्रारी उलट्या, मूळ एकच.

मी काही परत मुंबई वेळ आणा असं म्हणत नाहीये. ते होणार नाही आणि त्याची गरजही नाही. घड्याळ बदलत नसेल तर कामाची वेळ बदलता येते. हे आपल्या राज्यात नुकतंच घडलं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं जाहीर सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत. यावर बसवाल्यांची ओरड झाली, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांची झाली, ती ओरड अगदीच खोटी नव्हती. पण पाचवीपासून पुढे काय? पाचवीतलं पोर दहा वर्षांचं असतं. सातची शाळा म्हणजे सव्वासहाला कोपऱ्यावर उभं. ज्याच्या घरी गाडी आहे त्याला बाबा हीटर लावून सोडतात. ज्याच्या घरी नाही ते पोर आईचा हात धरून, नाहीतर एकटं, त्याच बंद खांबांखालून जातं. आणि मावशींसारख्या बायकांची वेळ तर कुठल्याच शासन निर्णयात येत नाही. त्यांची वेळ त्या पोराच्या डब्यावरून ठरते.

आता जरा मागे जाऊ या, आपल्याच मातीत.

खारघर, ओवे, मुर्बी, बेलपाडा, कोपरा, पेठ, रोहिंजण, पेंधर. ही मूळ आगरी-कोळी गावं. खाडीकडे मिठागरं, मधे भातखाचरं, वर डोंगर, डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे. इथे शेकडो वर्षं कुणाकडेच गाडी नव्हती, फार तर बैलगाडी. आणि त्या काळी हिवाळा हा विनागाडीच्या माणसाचा सर्वात सोपा ऋतू होता. ही गोष्ट आपण पार विसरलोय. पावसाळ्यात चार महिने खाचरं पाण्याखाली, ओढे भरलेले, गावाबाहेर पडणं म्हणजे दिव्य. दिवाळीच्या सुमारास भात कापून झालं, झोडणी-मळणी उरकली की शेतं मोकळी. मग बांधाबांधाने सरळ रेघ मारायची. पनवेलच्या बाजाराला जायचं तर पायवाट तोडून अर्धा वेळ वाचायचा. पाहुणे, जत्रा, लग्नाची बोलणी सगळी याच दिवसांत. भात निघाल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल टाकायचे, आणि ते शेंगेवर आले की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर पेंढा पेटवायचा आणि रात्री शेतातच पंगत. पोपटीला कुणी गाडी करून जात नसे. (आता जातात. कर्जतच्या फार्महाऊसवर माणशी दर लावून पोपटी मिळते. असो.)

आपल्या शेजारचं पनवेल तर चालणाऱ्यांचं आणि चाकांचं गाव. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस भरती-ओहोटी बघून होडीने पनवेल बंदराला उतरायचा, तिथून पालखी, घोडा नाहीतर बैलगाडी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पनवेलला बरकत आली. बैलगाडीची चाकं बनवण्यासाठी पनवेल नावाजलेलं होतं. १८६० च्या दशकात घाटातून रेल्वे झाली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. एक आगगाडी वळणाने गेली आणि एक बंदर मोडलं. वाहतुकीची रेघ कुठून जाते यावर गावाचं नशीब ठरतं, हे आमच्या तालुक्याला दीडशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन, साधारण ३४४ चौरस किलोमीटर. या कल्पनेमागचे तीन जण म्हणजे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. १९६५ मध्ये त्यांनी 'मार्ग' मासिकात ती मांडली होती. मुंबई दक्षिणोत्तर वाढत गुदमरतेय, तिला खाडीपलीकडे पूर्वेला वळवा. मला यातली एक गंमत फार आवडते. शिरीष पटेलांनी त्याच १९६५ साली पूर्ण झालेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल बांधला होता, देशातला पहिला उड्डाणपूल मानतात तो. म्हणजे मोटारींसाठी पहिला पूल बांधणारा माणूस जेव्हा कोऱ्या कागदावर शहर आखायला बसला तेव्हा त्याने मोटार मधोमध ठेवली नाही. नव्या मुंबईचा मूळ विचार असा होता की एका कण्यावर, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीच्या रेघेवर, मण्यांसारखी छोटी छोटी उपनगरं ओवायची. प्रत्येक मण्याच्या मधे स्टेशन, बाजार, शाळा, आणि घरापासून तिथपर्यंत चालत जाता यावं. 'नोड' हा शब्द आपण रोज वापरतो, 'खारघर नोड'. त्याचा अर्थ हा होता.

जमीन कुणाची गेली ते इथे सांगायलाच हवं, नाहीतर हा इतिहास अर्धा राहील. भाव कवडीमोल होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, पुन्हा जानेवारीच, जासईजवळ दास्तान फाट्याला आणि नवघरला पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली तिचं मूळ त्या दोन दिवसांत आहे. त्या मोर्च्याला माणसं चालत गेली होती, गावंच्या गावं. दर वर्षी त्या तारखांना अभिवादन होतं, आपल्या सेक्टरांतून त्याला किती जण जातात हे आपलं आपल्याला माहीत.

आराखड्यात कणा होता, प्रत्यक्षात तो यायला किती वेळ लागला? वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, म्हणजे रस्ता आधी आला. मंत्रालय बेलापूरला यायचं होतं, ते नरिमन पॉइंटलाच राहिलं. आगगाडी वाशीपर्यंत आली ९ मे १९९२ रोजी. सिडको स्थापन झाल्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. तीही फुकट नाही आली, दोन-तृतीयांश खर्च सिडकोने उचलला आणि आपण तिकिटावर अधिभार भरला. पुढच्या वर्षी बेलापूर, आणि १९९८ मध्ये पनवेल. आपलं खारघर स्टेशन त्या टप्प्यातलं. मधल्या काळात सिडकोने बीएमटीसी नावाची बससेवा चालवून पाहिली, ती ऐंशीच्या दशकात बंद पडली. पण ज्या पिढीने घरं घेतली तिने सवय लावून घेतली होती ती स्कूटरची, मग मारुतीची. कणा यायच्या आधी हातपाय वाढले.

खारघरची तऱ्हा तर आणखी वेगळी. कण्यावर मणी ओवायचा होता. आमचा मणी दोऱ्याच्या एका बाजूला लोंबतोय. स्टेशन सायन-पनवेल महामार्गाच्या पलीकडे, वस्ती अलीकडे, आणि ती डोंगराकडे वाढत वाढत तळोज्याला भिडलेली. स्टेशनपासून सेक्टर ३५-३६ म्हणजे चालण्याचं अंतर नव्हे. रस्ते रुंद, देखणे, फिरायला आलेले पाहुणे खूष होतात. पण रुंद रस्ता म्हणजे चालणाऱ्याला लांब वळसा. एक चौक ओलांडायला दोन सिग्नल. सोसायटीच्या भिंती एवढ्या लांब की शेजारच्या इमारतीत जायला दहा मिनिटं. बांधावरून सरळ रेघ मारायची सोय गेली ती कायमची. माझं तर निरीक्षण आहे की गाडी नसलेल्या माणसाला खारघर गाव, बेलपाडा, कोपरा इथे राहणं सर्वात सोपं जातं. गावठाणाच्या गल्ल्या अरुंद, पण खाली किराणा, समोर मच्छीवाली, कोपऱ्यावर दवाखाना, रात्री दहालाही वर्दळ. ज्याला आपण 'अनियोजित' म्हणतो तिथेच मूळ आराखड्यातलं चालतं-बोलतं उपनगर तयार झालं. कोरियांनी हे बघितलं असतं तर हसले असते की रडले असते कोण जाणे.

मग मेट्रो. १ मे २०११ला भूमिपूजन. बेलापूर ते पेंधर, ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. मी तेव्हा चाळिशीत होते, मुलगी प्राथमिक शाळेत होती. खांब उभे राहिले, मग काम थांबलं, मग कंत्राटदार बदलले. उत्सव चौकातून जाताना त्या खांबांखाली सावली मिळायची, तेवढाच उपयोग. मुलगी शाळा संपवून, कॉलेज करून पुण्याला नोकरीला गेली, तरी गाडी धावत नव्हती. जून २०२३ मध्ये सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं, पण उद्घाटनाला मुहूर्त मिळेना. शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ रोजी कसलाही समारंभ न करता मेट्रो सुरू झाली. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. थंडी नुकती सुरू झाली होती. डब्यात एक आजोबा खिडकीतून डोंगर बघत होते आणि प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचत होते. पुढच्या वर्षी भाडंही कमी केलं, जास्तीत जास्त ३० रुपये. चांगली गोष्ट आहे, चांगलीच म्हणायला हवी.

पण नकाशा बघा. खारघरची मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला जात नाही. ती बेलापूरला जाते. आणि मेट्रो स्टेशनपर्यंत तुम्ही कसे जाणार, हा प्रश्न तिच्या कागदपत्रांत कुठे असेल तर तो जमिनीवर दिसत नाही. माझे आधी सांगितलेले ते वीस मिनिटं.

इथे कुणाला विचारायचं हा आणखी एक घोळ. मत आपण देतो पनवेल महापालिकेला, ती १ ऑक्टोबर २०१६ला झाली. बस येते ती एनएमएमटीची, म्हणजे शेजारच्या नवी मुंबई महापालिकेची, जिला आपण मत देत नाही. मेट्रो सिडकोची, चालवते महामेट्रो. लोकल मध्य रेल्वेची. रिक्षा आरटीओच्या अखत्यारीत. घरापासून कुर्ल्यापर्यंत मी पाच दारांतून जाते आणि एका दाराला दुसऱ्या दाराची वेळ माहीत नसते. बस सुटते त्यानंतर चार मिनिटांनी मेट्रो येते. सकाळी पावणेसहा ते साडेसहा या वेळात, म्हणजे नेमक्या काळोखाच्या तासात, अंतर्गत सेक्टरांत बस जवळजवळ नसतेच. ज्या तासाला सर्वात जास्त गरज त्या तासाला सर्वात कमी सोय. गर्दी नाही म्हणून बस नाही, बस नाही म्हणून गर्दी नाही.

आणि त्या तासाला कोण चालत असतं ते एकदा बघा. घरकामाच्या बायका. रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन. झाडूवाले, त्यांच्या हातात हातमोजे नसतात. सातच्या शाळेची पोरं. तळोजा एमआयडीसीची पहिली पाळी. आणि टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेकला आलेले रुग्ण. बाहेरगावचे, कुणी बिहारचे, कुणी विदर्भातले, जवळपास खोली घेऊन राहिलेले. लवकर नंबर लागावा म्हणून पहाटे निघतात. गेल्या जानेवारीत एक बाई दिसली, डोक्याला मफलर, तोंडाला मास्क, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चालत होती. केमो चाललेल्या माणसाला आपली पंधरा-सोळा अंशांची थंडी बोचते. रिक्षावाल्याने जवळचं भाडं म्हणून नाही म्हटलं होतं. त्यात तळोज्याचा वास. थंडीत हवा खाली बसते, वर जात नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तो जास्त येतो. काच बंद केलेल्या गाडीत तो कमी लागतो, चालणाऱ्याच्या छातीत जातो.

साडेसातला, छान उजाडल्यावर, आणखी एक दृश्य असतं. सेंट्रल पार्कच्या बाहेर गाड्यांची रांग. लोक गाडीने येतात आणि आत चालतात. मी कुणाला हसत नाहीये, माझ्या दोन मैत्रिणी त्यात आहेत. त्या सांगतात, "अगं रस्त्यावर चालण्यासारखं कुठे आहे?" बरोबर आहे त्यांचं. चालण्यासाठी गाडी लागते असं शहर आपण बनवलंय.

आता कामाचं. नवा उड्डाणपूल, नवा मार्ग, मोनोरेल असलं काही मी मागत नाहीये. तीन गोष्टी आहेत, तिन्ही एका हिवाळ्यात होण्यासारख्या. एक, १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी या तीन महिन्यांत रस्त्यावरचे दिवे सूर्योदयापर्यंत चालू ठेवणं आणि बंद खांब तीन दिवसांत दुरुस्त करणं. आमच्या बाजूला चालू असलेले दिवेही कधी कधी सव्वासहालाच विझतात, कारण कुणीतरी वर्षभरासाठी एकच वेळ लावून ठेवली आहे. दुसरी, मेट्रोच्या पहिल्या गाडीला जोडून डोंगराकडच्या सेक्टरांतून सकाळी दोन आणि रात्री दोन छोट्या बसफेऱ्या. कुठल्या महापालिकेची बस, हे त्या दोघींनी बसून ठरवावं. तिसरी गोष्ट शाळांची. पाचवी ते दहावीचे वर्ग निदान डिसेंबर-जानेवारीत अर्धा तास उशिरा भरवा. पालकसभेत हात वर करणाऱ्यांत गाडीवाले जास्त असतात, त्यांनी हा हात जरा दुसऱ्यांसाठी वर करावा. १९०६ मध्ये गिरणीकामगारांनी मागितली होती तीही अर्ध्या-पाऊण तासाचीच गोष्ट होती.

दिव्यांचा अर्ज मी तयार केलाय. रविवारी सकाळी आठला उत्सव चौकात भेटून सह्या घेणार आहोत. त्याआधी एक मदत करा. तुमच्या रस्त्यावर सकाळी सहा ते सात बंद असलेल्या खांबाचा नंबर खाली लिहा, सेक्टर आणि जवळची खूण घालून. नंबर खांबावर माणसाच्या उंचीला रंगवलेला असतो. अंधारात दिसत नाही, मोबाइलची बॅटरी लावावी लागते. आमच्या वळणावरचे सहा नंबर मावशींनीच मला वाचून दाखवले, मी लिहून घेतले.